किल्ल्यात लिहिलेला देश

आयर्लंड हा देश इंग्लंडच्या अगदी शेजारचा, मध्ये फक्त समुद्राचा एक पट्टा. लोकांची मूळ भाषा आयरिश आणि राज्यकर्त्यांनी आणलेली भाषा इंग्रजी. असे असताना त्या देशाचा एक मोठा, सलग इतिहास अठराव्या शतकात लिहिला गेला तो फ्रेंच भाषेत, आणि छापायला सुरुवात झाली ती पॅरिसमध्ये. जेम्स मॅकगेगन या आयरिश धर्मगुरूने तो लिहिला. नाव साधेच, 'प्राचीन आणि अर्वाचीन आयर्लंडचा इतिहास'. पहिला खंड १७५८ साली निघाला, दुसरा १७६२ साली आणि तिसरा १७६३ साली. तिसऱ्या खंडावर गाव ॲमस्टरडॅमचे आहे. जुन्या पुस्तकांचे शौकीन आजही हे तीन खंड शोधत असतात. पाच वर्षांत सुटे सुटे निघालेले खंड सगळेच्या सगळे एका कपाटात सापडणे ही नशिबाची गोष्ट.

आपल्या देशाचा इतिहास माणूस परक्या भाषेत का लिहितो? मॅकगेगनच्या बाबतीत उत्तर सोपे आहे आणि दुःखाचेही आहे. १६९१ साली लिमरिकच्या तहानंतर हजारो आयरिश सैनिक देश सोडून फ्रान्सला गेले. त्यांच्या देशात त्यांना 'रानहंस' म्हणत. पाखरे उडून जावीत तसे ते गेले आणि बहुतेकांना परत येता आले नाही. फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात त्यांच्या स्वतंत्र पलटणी होत्या. मागे राहिलेल्या कॅथलिक लोकांवर कायद्यांचे असे जाळे पडले की त्यांना शाळा चालवता येईना, जमीन विकत घेता येईना. त्यांचे धर्मगुरू शिकायला फ्रान्सला किंवा स्पेनला जात. मॅकगेगन त्यांतलाच एक. आपले पुस्तक त्याने फ्रान्सच्या सेवेतल्या आयरिश सैनिकांना अर्पण केले. ज्यांनी देश डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता, अशा परदेशात जन्मलेल्या आयरिश मुलांना आपण कोण हे कळावे म्हणून लिहिलेला हा ग्रंथ. त्याचे इंग्रजी भाषांतर डब्लिनमध्ये निघाले १८३१-३२ साली. म्हणजे इतिहासाला स्वतःच्या घरी परतायला सत्तरएक वर्षे लागली.

हे सगळे नगरच्या माणसाने कशाला सांगायचे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. सांगण्याचे कारण आमच्या भुईकोट किल्ल्यात आहे.

डब्लिनचा सेनापती, नगरचा किल्ला

(जिल्ह्याचे आणि शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. किल्ल्याची आणि त्यातल्या पुस्तकांची हकीकत मात्र जुन्या नावाच्या काळातली आहे, आणि आम्ही गावकरी बोलताना नुसते 'नगर' म्हणतो. तेच इथे ठेवतो.)

१८०३ सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्रजांचा एक तरुण सेनापती नगरवर चालून आला. त्याचे नाव आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला तोच हा. त्याचा जन्म डब्लिनचा. किल्ला तेव्हा दौलतराव शिंद्यांकडे होता. ८ ऑगस्टला वेलस्लीने शिड्या लावून गावाचा कोट घेतला. गोखले नावाच्या एका मराठा सरदाराने पुण्याला कळवले म्हणतात, की हे इंग्रज विचित्रच आहेत, सकाळी आले, भिंत पाहिली, तिच्यावरून चालत गेले, शिबंदी मारली आणि न्याहारीला परतले. १२ ऑगस्टला किल्लाही पडला. चांदबिबीने १५९५-९६ साली मोगलांविरुद्ध ज्या तटावर उभे राहून किल्ला लढवला, तो तट चार दिवसांत गेला.

आता तारखेची गंमत पाहा. ८ ऑगस्ट १८०३ ला नगरचा कोट पडला, आणि ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढाऱ्यांना घरांतून उचलले आणि खास गाडीत घातले. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले. काँग्रेस कार्यकारिणीच्या बाकीच्या मंडळींना घेऊन गाडी नगरला आली. ज्या किल्ल्यातून इंग्रजांनी दख्खनमध्ये पाय रोवला, त्याच किल्ल्यात त्यांनी त्यांना निरोप देणाऱ्यांना कोंडले.

एकूण बाराजण होते. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंदवल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. काश्मिरी, गुजराती, बंगाली, तेलुगू, उडिया, सिंधी, मराठी अशी घरे एका अंगणाभोवतीच्या खोल्यांत राहायला आली. सरकारने ठिकाण गुप्त ठेवले होते. सुरुवातीला वर्तमानपत्रे बंद, पत्रे बंद. घरच्यांच्या भेटी तर नाहीतच. अशा वेळी माणूस काय करतो? काहीजण बाग करतात, काहीजण भांडतात. या बाराजणांपैकी निम्म्यांनी तरी या ना त्या स्वरूपात लेखन-वाचनाचे मोठे काम हाती घेतले.

खोदलेली जमीन, खोदलेला इतिहास

नेहरूंचे पुस्तक सर्वांना माहीत आहे. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नगरच्या किल्ल्यात लिहिले. हाताने लिहिलेली सुमारे हजार पाने. सुरुवातीची तारीख १३ एप्रिल आहे. तोवर कैदेचे वीस महिने सरले होते. पुस्तकाच्या पहिल्याच पानांत नगर आहे, आणि हे आपल्याकडच्या फार थोड्या लोकांच्या ध्यानात असते. अंगणातली जमीन खडकाळ, तिच्यात जुन्या बांधकामांची डबर भरलेली. फुलझाडे लावण्यासाठी नेहरू कुदळ चालवत, तेव्हा जमिनीखाली जुन्या भिंतींचे अवशेष आणि घुमटांचे माथे लागत. खणणे फार पुढे नेण्याची परवानगी नव्हती. मग कुदळ ठेवून त्यांनी लेखणी घेतली आणि देशाचा भूतकाळ खणायला घेतला. मोहेंजोदडोपासून चालू शतकापर्यंतचा तो सगळा प्रवास नगरच्या मातीतून सुरू होतो, चांदबिबीची आठवण काढत सुरू होतो.

ग्रंथालय हाताशी नाही, टिपणे नाहीत. मग संदर्भ कुठून मिळवायचे? शेजारच्या खोल्यांतून. प्रस्तावनेत नेहरूंनी अकरा सोबत्यांचे ऋण मानले आहे आणि त्यांतल्या चौघांचे नाव घेऊन मानले आहे. ते चौघे म्हणजे आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली. अर्पणपत्रिकाही या किल्ल्यातल्या सहकैद्यांनाच आहे, ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ या तारखांसह. म्हणजे या पुस्तकाचा जन्मदाखला नगरचा आहे आणि तो प्रत्येक प्रतीवर छापलेला आहे.

लिखाण संपत आले होते तेव्हाची एक कौटुंबिक गोष्ट. २० ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत नेहरूंना नातू झाला, राजीव. आजोबा नगरला, बाळबाळंतीण मुंबईला. दीडशे कोसांचेही अंतर नाही, पण बाळ पाहायला मिळाले नाही. पाच हजार वर्षांचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाला घरातले पहिले नातवंड पाहण्यासाठी सुटकेची वाट पाहावी लागली. ती झाली १५ जून १९४५ ला, अल्मोड्याच्या तुरुंगातून.

पुस्तक छापले कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने, १९४६ साली. सिग्नेटचे दिलीपकुमार गुप्त यांना पुस्तक देखणे निघावे याचा ध्यास होता आणि त्यांच्याकडे मुखपृष्ठे करणारा एक तरुण चित्रकार होता. त्याचे नाव सत्यजित राय. 'डिस्कव्हरी'चे वेष्टन त्याचेच. याच सिग्नेटसाठी 'पथेर पांचाली'च्या मुलांच्या आवृत्तीची चित्रे काढताना रायना पुढच्या सिनेमाची कल्पना सुचली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जॉन डे कंपनीनेही पुस्तक काढले. पण संग्राहक पहिली आवृत्ती म्हणून मान देतात तो कलकत्त्याच्या प्रतीलाच.

तीन वाजताचा चहा

त्याच अंगणात मौलाना आझाद पहाटे तीन-चारला उठत. स्वतःच्या हाताने चिनी चहा करत, दुधाचा थेंबही न घालता, आणि लिहायला बसत. ते पत्रे लिहीत. पत्रे ज्यांच्या नावे होती ते नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी दूर राहिले. टपाल बंद, म्हणून पत्रे लिहायची आणि फाईलमध्ये ठेवायची. 'गुबार-ए-खातिर', म्हणजे मनावर साचलेली धूळ, या नावाने ती १९४६ सालीच उर्दूत प्रसिद्ध झाली. चहा, संगीत, ईश्वर, बाग आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या हे सगळे तिच्यात आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला मौलानांनी 'चीताखान' असे नाव ठेवले होते. चांदबिबीच्या काळातला तो एक किल्लेदार. नगरचा इतिहास असा त्यांच्या थट्टेतही शिरला होता.

मला उर्दू येत नाही. आमच्या शेजारी उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर राहत. त्यांनी हिवाळ्यातल्या काही संध्याकाळी मला ही पत्रे वाचून दाखवली, अर्थ सांगत सांगत. चिमण्यांच्या पत्राला त्यांची नातवंडेही येऊन बसली आणि पोट धरून हसली. पुढे एप्रिल १९४३ चे पत्र आले. मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. सरकारकडे अर्ज करून भेटीची सवलत मागणे मौलानांना मान्य नव्हते. ९ एप्रिलला त्या गेल्या. आवारात एक जुनी कबर होती, कोणाची ते ठाऊक नाही. ती रोज दिसत असे, त्या दिवसापासून ती वेगळी दिसू लागली, असे त्या पत्रात आहे. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "गुरुजी, हे आपल्या गावात लिहिलंय. इथून दीड मैलावर. आणि आमच्या शाळेत एकदाही कोणी सांगितलं नाही."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यांचे वाक्य मला लागू नव्हते असे म्हणवत नाही. ते आमच्या सगळ्या गावालाच लागू होते.

फ्रेंचमार्गे घरी

आता मॅकगेगनच्या फ्रेंच भाषेकडे पुन्हा वळू, कारण नगरच्या किल्ल्यातही एक फ्रेंच ग्रंथ होता.

आचार्य नरेंद्र देव समाजवादी म्हणून प्रसिद्ध, पण मुळात ते पंडित. संस्कृत, पाली, प्राकृत येणारे, फ्रेंच वाचणारे. दम्याने बेजार. किल्ल्यात त्यांनी एक काम घेतले, 'अभिधर्मकोश' हिंदीत आणण्याचे. वसुबंधू हा बौद्ध आचार्य सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. त्याचा हा ग्रंथ बौद्ध तत्त्वज्ञानाचा पाया मानला जातो. पण भारतातून मूळ संस्कृत पोथी नाहीशी झाली होती. ग्रंथ जगला तो चिनी आणि तिबेटी भाषांतरांत. चिनी भाषांतर करणारा प्रवासी आपल्या शाळेच्या पुस्तकांतला ह्युएन त्संग. त्या भाषांतरांवरून लुई द ला व्हाले पूसँ या बेल्जियन पंडिताने १९२३ ते १९३१ या काळात फ्रेंच अनुवाद सिद्ध केला. आणि त्या फ्रेंचवरून नरेंद्र देव नगरच्या किल्ल्यात हिंदी अनुवाद करत होते.

हा प्रवास क्षणभर डोळ्यांसमोर आणा. संस्कृतातून चिनी, चिनीतून फ्रेंच, फ्रेंचमधून हिंदी. पेशावरपासून चीन, तिथून युरोप आणि तिथून नगर. भारतात लिहिलेला ग्रंथ भारतातल्या तुरुंगात परक्या भाषेच्या वाटेने परत येतो, आणि परत आणणारा दम लागला की उशीला टेकून बसतो, धाप ओसरली की पुन्हा लिहितो. ते भाषांतर नरेंद्र देवांच्या हयातीत छापून झाले नाही. ते १९५६ साली गेले. पुढे अलाहाबादच्या हिंदुस्तानी अकादमीने ते काढले. त्यांच्या 'बौद्ध धर्म दर्शन' या ग्रंथाला १९५७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही त्यांच्या पश्चात.

याच्या जोडीला एक मराठी धागा आहे. 'अभिधर्मकोशा'ची हरवलेली संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायन यांना १९३० च्या दशकात तिबेटमधल्या मठात सापडली होती. तिच्यातल्या मूळ कारिका संपादून प्रथम छापल्या त्या पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयातले प्रा. वा. वि. गोखले यांनी, मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. साल पुन्हा १९४६. नगरच्या किल्ल्यात कैदी फ्रेंचवरून जे शोधत होता, ते पुण्याचा प्राध्यापक मूळ संस्कृतातून उजेडात आणत होता. दोघांच्या मध्ये सत्तर-पंचाहत्तर मैल आणि एक तटबंदी.

बाकीच्यांच्या कामाकडे धावती नजर टाकू. हरेकृष्ण महताबांनी याच कैदेत ओरिसाचा इतिहास उडियात लिहिला. तो १९४८ साली निघाला. पट्टाभींनी किल्ल्यातल्या दिवसांची रोजनिशी लिहिली. 'फेदर्स अँड स्टोन्स' या नावाने ती १९४६ साली मुंबईत छापली गेली. एकाच अंगणात इंग्रजी, उर्दू, उडिया, हिंदी अशा भाषांत पुस्तके आकार घेत होती. भारताच्या साहित्यात अशी दुसरी जागा शोधावी लागेल.

किलोच्या भावात

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरला कापड बाजाराच्या मागे एका रद्दीच्या दुकानात मी अधूनमधून जात असे. दुकानदार माझ्या एका विद्यार्थ्याचा थोरला भाऊ. एका पावसाळी दुपारी त्याने शालेय गाईडांच्या गठ्ठ्याखालून एक जाड पुस्तक काढले.

"सर, इंग्रजी आहे. जाड आहे. वरचं कव्हर नाही. तुम्हाला लागतं का?"

सिग्नेट प्रेसचे १९४६ चे 'डिस्कव्हरी'. रायांचे वेष्टन कधीच गेलेले, बांधणी सैल, कडांना वाळवीने चाखून पाहिल्याच्या खुणा. आतल्या कोऱ्या पानावर सुबक बाळबोध अक्षरांत एका वडिलांनी लेकीला लिहिले होते. तिचे नाव मी इथे देत नाही. तारीख होती १५ ऑगस्ट १९४७. खाली एक ओळ : मॅट्रिक झालीस, आता हे वाच. पानापानांच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत अवघड इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहिलेले होते. पहिल्या दोन प्रकरणांत दाट, पुढे विरळ आणि शेवटच्या शंभर पानांत एकही नाही. इंग्रजी सोपे झाले होते, की संसार सुरू झाला होता, कोण सांगणार?

"किती द्यायचे?" मी विचारले.

"किलोत घेतलंय सर, किलोतच देतो."

तराजूत पुस्तक गेले. पलीकडे वजने. मी सांगितले की हे पुस्तक आपल्या किल्ल्यात लिहिलेले आहे. त्याने हात थांबवून पुस्तकाकडे पाहिले, मग किल्ल्याच्या दिशेला पाहिले, आणि म्हणाला, "मग असं करा सर, पैसे राहू द्या. फक्त शाळेत मुलांना दाखवा." मी पैसे दिलेच. आणि मुलांनाही दाखवले. मुलांनी नेहरूंचा मजकूर फारसा पाहिला नाही, पण पेन्सिलीने लिहिलेले अर्थ एकेक करून वाचले. कारण ते लिहिणारी त्यांच्याच वयाची होती आणि त्यांच्याच गावची असावी.

पहिल्या आवृत्तीला लोक हजारो रुपये का मोजतात, हे तोवर मला पुस्तकी कारणांनी माहीत होते. प्रती थोड्या उरतात, कागद-छपाई त्या काळची असते, लेखकाच्या देखरेखीखाली छापलेली असते वगैरे. ती कारणे खरीच आहेत. पण त्या प्रतीने मला आणखी एक कारण दाखवले. १९४६ सालच्या पुस्तकाला आपण स्वतंत्र होणार हे ठाऊक आहे, कधी ते ठाऊक नाही. फाळणी होईल हे तर ठाऊकच नाही. नंतरच्या आवृत्त्यांत मजकूर तोच असला तरी आपण तो शेवट माहीत असलेल्या डोळ्यांनी वाचतो. पहिल्या आवृत्तीच्या कागदावर मात्र अजून शेवट ठरलेला नाही. आणि या प्रतीवर तर स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी एक बाप आपल्या मुलीला सांगतो आहे की आता देश समजून घे.

घरी पोहोचलेले पुस्तक

मॅकगेगनचा फ्रेंच इतिहास इंग्रजी होऊन आयर्लंडला परतला, आणि १८६८ साली जॉन मिचेल या दुसऱ्या एका आयरिश देशभक्ताने तो पुढे चालू ठेवणारा इतिहास लिहिला. मिचेललाही इंग्रजांनी चौदा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा दिली होती. एका परागंदा माणसाने सोडलेला धागा दुसऱ्या कैद्याने उचलला.

आपल्याकडे हे कमी घडले नाही. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिले, १९१५ साली छापले. साने गुरुजींची 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगातली, १९३३ ची. आणि नेहरूंचे नगरमध्ये इंग्रजीत लिहिलेले पुस्तक 'भारताचा शोध' म्हणून मराठीत आणले तेही साने गुरुजींनीच. हिंदीत ते 'हिंदुस्तान की कहानी' झाले. १९८८ साली श्याम बेनेगलांनी त्याची 'भारत एक खोज' ही त्रेपन्न भागांची मालिका केली, तेव्हा रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या कितीतरी नगरकरांना हे सगळे आपल्या किल्ल्यातून निघाले आहे याचा पत्ता नव्हता.

नगर जिल्ह्याला तर हा धडा फार आधी दिलेला आहे. नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली संस्कृतातली गीता मराठीत आणली. ग्रंथ कितीही मोठा असो, तो लोकांच्या बोलीत आल्याशिवाय घरी पोहोचत नाही, हे त्यांनी करून दाखवले. त्या ज्ञानेश्वरीला पहिल्यांदा छापील रूप मिळायला १८४५ साल उजाडावे लागले. बाळशास्त्री जांभेकरांनी ती शिळाछापावर काढली. तोवर साडेपाचशे वर्षे ती लोकांनी हाताने नकलून आणि पाठ करून सांभाळली. तेव्हा कोणी ती किलोने विकली नाही.

किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. पुढाऱ्यांच्या खोल्या जपून ठेवलेल्या आहेत. पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतो, ते खुर्ची आणि पलंग पाहतात आणि फोटो काढतात. तिथे पाहण्यासारखे आहेच. पण तिथे जे घडले ते पलंगावर नाही, कागदावर घडले. ते कागद बाहेर आले आणि कलकत्ता, दिल्ली, मुंबई, अलाहाबाद असे विखुरले. त्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या नगरला एका कपाटात एकत्र असाव्यात, शेजारी त्यांची मराठी रूपे असावीत आणि नसतील ती कोणीतरी करावीत, ही काही फार मोठी मागणी नाही. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे आहे, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. जपण्याची सवय या गावाला नव्याने लावायची नाही.

आणि घरोघरी करण्याजोगे काम तर अगदी साधे आहे. दिवाळीच्या आधी माळे झाडले जातात. आजोबांची ट्रंक निघते, 'इंग्रजी आहे, जाड आहे' असा शेरा मारून पुस्तके दाराशी येतात. तराजू येण्याआधी एकेक पुस्तक उघडावे. शीर्षकाचे पान उलटावे. मागे प्रकाशकाचे नाव, गाव आणि साल असते. 'प्रथम आवृत्ती' किंवा एकच साल दिसले तर थांबावे. पुढचे कोरे पान पाहावे. तिथे कोणी कोणाला काय लिहून दिले आहे ते वाचावे. समास पाहावेत. वेष्टन फाटले असले तरी टाकू नये, चिकटपट्टीही लावू नये. साध्या कागदात गुंडाळून ठेवावे. ठेवायला जागाच नसेल तर रद्दीवाल्याच्या आधी वाचनालयाला विचारावे. आणि घरात कोणी मॅट्रिकच्या वयाचे असेल, तर निदान पहिले प्रकरण त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. चंद्र, कुदळ, बाग आणि जमिनीखाली लागलेल्या भिंती. हे सगळे आपल्या गावचेच आहे.